फोटो काढू का, एवढं विचारायची हिंमत

दर आषाढीला पुण्याच्या आमच्या फोटोवाल्या मित्रांमध्ये तेच भांडण, वारीत टाळांपेक्षा कॅमेरेच जास्त झालेत का, आणि त्यात एकजण तरी म्हणतोच की अरे सार्वजनिक रस्ता आहे, विचारायचं कशाला, नवीन पोरांनी भीड सोडायची आणि बिनधास्त क्लिक करायचं. मीपण हेच सांगायचो. दिवे घाटात ७०-२०० ची, लांबूनच चेहरा जवळ ओढणारी झूम लेन्स लावून फुगडी घालणाऱ्या बायकांचे क्लोजअप काढलेत मी, कुणी हूं का चूं केलं नाही, वाटायचं काय कॉन्फिडन्स आहे आपल्यात!

जर्मनीत हॅम्बुर्गला आल्यावर दोन मिनिटांत उतरला तो कॉन्फिडन्स. रविवारी पहाटेच्या फिशमार्क्टात मासळी घेणाऱ्या एका म्हाताऱ्याचा फोटो काढला, तर तो थेट समोर येऊन म्हणाला डिलीट कर, आणि होईस्तोवर स्क्रीनकडे बघत उभा. इथे १९०७ चा कायदा आहे, संमतीशिवाय माणसाचा फोटो प्रसिद्ध करायचा नाही (मिरवणुकीला वगैरे सूट आहे, म्हणजे वारी त्यात बसेल, पण एकट्या आजीचा क्लोजअप बसवणं अवघड). त्यामागचं प्रकरणही इथल्याच पंचक्रोशीतलं, १८९८ ला जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क वारला तेव्हा दोघा फोटोग्राफरांनी रात्री खोलीत घुसून प्रेताचा फोटो काढलेला.

बरेच महिने कॅमेरा बॅगेतच. मग झूम ठेवून दिली, माणसाच्या जवळ जावंच लागतं अशी ३५ची लेन्स लावली आणि एक वाक्य पाठ केलं, 'दार्फ इश आइन फोटो माखेन?', म्हणजे फोटो काढू का? पहिल्यांदा तळहाताला घाम फुटला होता. लोक नाही म्हणतात, आपण बरं म्हणून पुढे जायचं, आठ-दहा नकार पचले की मग काही वाटत नाही. तेव्हा कळलं की घाटात भीड त्या बायकांना पडत होती आणि मी ती माझी हिंमत म्हणून मोजत होतो.

पण जर्मन लोकांचं सगळंच पटतं असंही नाही हां, विचारलं की क्षण गेला, हे खरंच आहे.

मागच्या वारीला घाटात विचारून पाह्यलं. बीडकडची आजी, मस्त हसत होती, म्हणाली "थांब लेकरा," पदर सारखा केला, टोपीवाल्या नातवाला शेजारी ओढलं आणि दोघंही पासपोर्ट फोटोसारखे ताठ. फोटो म्हणून अगदीच बोअर. नातवाने पत्ता लिहून दिला, प्रिंट पोस्टाने पाठवली.