मोराची मान

परभणीतल्या एका डॉक्टरांनी दवाखान्याच्या दारावरच्या झडपेसाठी रंगीत काचेचा मोर सांगितला आणि मोराला मान असते हे विसरून मी होकार देऊन बसलो.

हिरकणीने काच कापली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तिने फक्त ओरखडा उमटतो आणि त्या ओरखड्यावरून काच मोडायची असते. (आताच्या हिरकणीच्या टोकाला हिऱ्याऐवजी बारीक चाक असते, नाव तेवढे जुने राहिले आहे.) बाहेर फुगलेल्या रेघेवरून काच मुकाट्याने मोडते, परंतु आत वळलेली रेघ दिसली की ती अर्ध्या वाटेतून सरळ धावत सुटते. म्हणून तो भाग चंद्रकोरीएवढ्या कपच्या करून पकडीने थोडा थोडा काढावा लागतो. तीन कपच्या सुरेख निघाल्या, चौथीबरोबर मानच निघून आली. कोबाल्टच्या निळ्या काचेच्या अशा तीन माना मी एका दुपारी मोडल्या, तेव्हा दारातून आजीने विचारले, "कामून एवढी काच फोडायलास, बाबा?" उरलेल्या तुकड्यात चौथी मान बसेना, म्हणून ती मी जराशी आखूड आणि बेताच्या वळणाची केली.

पुढे प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळायची असते, कारण तुकडे जोडणारा वितळलेला डाख काचेला धरत नाही, तांब्याला धरतो. पट्ट्या उडतात म्हणून पंखा बंद आणि धूर कोंडू नये म्हणून खिडकी उघडी, अशा थाटात मे महिन्याच्या झळा अंगावर घेत मी 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिशाचा डाख सुमारे 190 अंशांवर वितळवत बसलो होतो. खोलीच्या आणि डाखाच्या तापमानात त्या दिवशी फारसे अंतर नसावे.

तो वास शेजारी गेला असणार, कारण काकू पितळी पातेले घेऊनच आल्या. "कल्हई करायलास म्हणं?" कल्हईत निव्वळ कथील असते, माझ्या डाखात शिसे आहे आणि ते पोटात जाणे वाईट, हे मी त्यांना घाम पुसत सविस्तर समजावले.

"म्हंजे मोराला चालतं, आमच्या वरणाला चालत नाही," असे म्हणून काकूंनी पातेले उचलले, टेबलावरच्या मोराकडे एकवार वाकून पाहिले आणि जाता जाता विचारले, "याची मान एवढी आखूड कामून केलास रे?"