डॉन चेरीच्या गोल्फला 'छंद' म्हणू नका

सकाळीच एक पोस्ट पाहिली आणि डोकं फिरलं. "'बँड ऑफ गोल्ड'चा गायक डॉन चेरी छंद म्हणून गोल्फही खेळायचा." वर फोटो कुणाचा? जॅझ ट्रम्पेट वाजवणाऱ्या डॉन चेरीचा! नाव एक, माणसं दोन. आपला डॉन टेक्ससमधल्या विचिटा फॉल्सचा, जन्म १९२४.

आणि छंद? १८ जून १९६०, शनिवार. डेन्व्हरचं चेरी हिल्स मैदान, गोल्फच्या यूएस ओपनचा शेवटचा दिवस. तेव्हा तिसरी आणि चौथी फेरी एकाच दिवशी व्हायची, म्हणजे ३६ होल. मैदान समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू आठ-दहा टक्के लांब जातो. एरवी दीडशे यार्ड जाणारा फटका तिथे एकशे साठच्या पुढे पडतो. सवयीचा क्लब उचलला की चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीच्या, पलीकडे, आणि तिथून परत येताना एक-दोन फटके गेलेच. अंतराचा हिशोब तीन दिवस, ७२ होल नव्याने करायचा, वर शनिवारी दुपारी पाय भरून आलेले. त्यात डॉनचा स्कोअर, म्हणजे एकूण फटके, २८४; बरोबर पार, म्हणजे मैदानासाठी ठरलेले तेवढेच. संयुक्त नववा, दिग्गज बेन होगनच्या बरोबरीने! जिंकलेल्या अर्नोल्ड पामरला फक्त चार फटके कमी लागले. छंद म्हणून होगनची बरोबरी करून दाखवा कुणीतरी.

पामरला १४,४०० डॉलर मिळाले. डॉन हौशी खेळाडू, त्यामुळे नियमाने त्याला एक सेंटही नाही. पोटापाण्याचं गाण्यावर चालायचं. १९५५ची 'बँड ऑफ गोल्ड'ची रेकॉर्ड दहा लाखांवर खपली. 'मिस्टर क्लीन' या साफसफाईच्या द्रवाच्या जाहिरातीतला आवाजही त्याचाच. गायनातून पैसे घेतले तर हौशीपणाला बाध येत नव्हता, गोल्फमधून घेतले असते तर आला असता. एवढं साधं गणित, पण लोक 'हौशी' शब्द वाचतात आणि थेट 'हौस' समजतात. व्यावसायिक तो १९६२ साली झाला.

बरं, मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही, त्याने जिंकली नाही. मान्य. स्वभाव तापट होता आणि गोल्फमध्ये राग अंगाशी येतो. मूठ आवळली की मनगट अडतं आणि फटका बिघडतो. हेही मान्य.

पण याच तापट माणसाचं वॉकर कप बघा, अमेरिका विरुद्ध ब्रिटन-आयर्लंड अशी हौशी संघांची स्पर्धा. १९५३, १९५५, १९६१. पाच सामने खेळला, पाचही जिंकला. त्यांत फोरसम्सही होते. एकच चेंडू, दोघांनी आळीपाळीने मारायचा. जोडीदाराने झुडपात घातला तर तिथूनच तुम्ही काढायचा आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. रागीट माणसाला याहून कठीण प्रकार सापडणार नाही. १९५३ची कॅनेडियन ॲमॅच्युअर स्पर्धा त्याचीच, मास्टर्स ही मेजर तर नऊदा खेळला.

रियाज म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. सुराला श्वास लागतो, ग्रीनवरच्या हलक्या फटक्याला, 'पट'लाही श्वास लागतो. एका गळ्याने आणि एका मनगटाने दोन्ही सांभाळलं त्याने. त्या शनिवारी होगनच्या बरोबरीने उभा राहिलेला माणूस २०१८च्या एप्रिलमध्ये, ९४ व्या वर्षी गेला.

ज्यांनी ती पोस्ट पुढे पाठवली आहे त्यांनी निदान फोटो बदलावा. ट्रम्पेटवाला डॉन चेरीही मोठाच कलावंत होता, त्याच्यावरही अन्याय नको. आणि 'छंद' हा शब्द काढून तिथे '२८४' लिहा.