एचपी, पीएस आणि चोर्ला घाट
परवा बेळगावात गाडी बघायला गेलो, तर पुन्हा तेच! इंजिनाची ताकद किती, तर सेल्समन नुसतं '११८ पीएस' घोकतोय. अहो, पण किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना? ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरात ६००० छापलंय. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाच्या वळणावर, गाडीत पाच माणसं, इंजिन दोन हजारावर धापा टाकत असताना ती ताकद मिळतच नाही. तिथं टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर लागतो, बाबा! शिवाय हा ११८चा आकडा क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर मोजलेला. गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोचेस्तोवर तो घटतोच. आणि पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, एचपी म्हणजे हॉर्सपॉवर ७४५.७, तरी दोन्ही एकच म्हणून सांगतात. सरळ किलोवॅट लिहा की! आमच्या वडिलांनी खानापूरच्या शेतातून एकेक रुपया साठवलाय. त्यांना हे कोण समजावून सांगणार?