निरोपाची वर्गणी

गेल्या रविवारी आमच्या गल्लीत एका सद्गृहस्थांचा निरोपसमारंभ झाला. फेटा, श्रीफळ आणि सोलापुरी चादर असा बेत होता. त्यासाठी घरटी १०१ रुपये वर्गणी ठरली होती आणि ती माझ्याकडूनही रीतसर पावती फाडून घेण्यात आली. हे सद्गृहस्थ माझ्याच घरातले भाडेकरू होते. त्यांचा करार दिवाळीला संपला होता आणि ते हलले श्रावण सरता सरता. ते जावेत म्हणून मी जे काही मोजले ते जमेस धरले, तर गल्लीतली सर्वांत मोठी वर्गणी माझीच ठरली असती. पण पावतीपुस्तक घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलाला हे समजावून सांगण्याची सोय नव्हती. त्यावर कडी म्हणजे त्यांना चादर पांघरवण्याचा मान मला देण्यात आला. "त्यांचा सहवास तुमच्याइतका कुणाला लाभलाय?" असे निवेदक म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्काराला उत्तर देताना सत्कारमूर्तींनी "काकांनी मनात काही ठेवू नये" असे सांगून मला सर्वांसमक्ष क्षमाही करून टाकली.

मूळ हकीकत फार मोठी नाही. जुळे सोलापुरात आमचे दुमजली घर आहे. त्याची तळमजल्यावरची पुढची खोली, तिला लागून स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर, एवढा भाग मी या गृहस्थांना ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर दिला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो तसा करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. मी मुद्रांक शुल्क भरले, यंत्रावर अंगठा टेकवला, त्यांचाही टेकवून घेतला आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. कागदात काहीही उणे नव्हते. उणीव एवढीच होती की कागदाला पाय नसतात आणि भाडेकरूला ते असूनही तो वापरत नाही.

गृहस्थ चाळिशीचे, एकटे आणि कमालीचे मृदुभाषी होते. भाडे वेळेवर देत. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना बँकेत नेत, मुलांना गणिते सांगत, गणेशमंडळाचा हिशेब लिहीत. त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार करणे म्हणजे स्वतःच्या स्वभावाविषयी शंका निर्माण करून घेणे होते. पण घरात काय चालले होते ते गल्लीला दिसत नव्हते. आमच्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि सोलापूरकर आपले लग्नकार्य, बाळंतपण आणि परगावचा प्रवास त्या पाण्याच्या वेळापत्रकाभोवती बसवतो. हे गृहस्थ पाणी आले की पहिल्यांदा आपली टाकी, मग पिंपे, मग कूलर भरत. त्यानंतर स्कूटर धूत आणि राहिलेल्या धारेवर चादरी काढत. आमच्या हौदात मोटारीची नळी पोहोचेपर्यंत नळाला नुसता फुसफुसाट सुरू झालेला असे. फाटकावर त्यांनी आपली पाटी लावली होती. ती माझ्या पाटीपेक्षा मोठी होती, माझ्या पाटीच्या वर होती आणि तिच्यावर पदव्या होत्या. कुरिअरचा मुलगा मला "साहेब आहेत का आत?" असे विचारी, आणि मी "बघून सांगतो" असे म्हणत असे.

दिवाळीनंतर मी त्यांना मुदत संपल्याची आठवण दिली, तेव्हा ते म्हणाले, "काका, कराराची मुदत संपली, आपल्या संबंधांची संपली का?" पुढे धनुर्मास लागला आणि धनुर्मासात घर बदलत नाहीत. मग सिद्धेश्वराची यात्रा आली. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघणार, रस्ते बंद राहणार, अशात सामानाचा टेम्पो कुठून काढायचा? यात्रा झाली तरी गड्ड्याची जत्रा उठलेली नव्हती आणि हमाल पाळण्यांच्या कामाला लागलेले होते. मार्चमध्ये त्यांच्या पुतण्याची दहावी होती. पुतण्या पंढरपूरला राहतो आणि परीक्षाही तिथेच देणार होता, पण चुलत्याचे मन ठिकाणावर असल्याशिवाय त्याला पेपर सुटत नसत. मग उन्हाळा आला. सोलापूरचा पारा ४३ अंशांवर गेल्यावर हमालाला कपाट उचलायला सांगणे ही माणुसकी नव्हे, असे त्यांनी मला पंख्याखाली बसून सांगितले.

शेवटी मी शेजारच्या नाझरसाहेबांकडे गेलो. नाझर म्हणजे न्यायालयात समन्स, वॉरंटे आणि बेलिफ यांचा कारभार पाहणारा अधिकारी. लोकांची घरे लोकांच्या ताब्यात देववण्यात ज्याची सारी नोकरी खर्ची पडली, असा माणूस भिंतीपलीकडे राहत असता मी वकिलाची फी का भरावी, असा माझा सरळ हिशेब होता. ते संध्याकाळी कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. मी तोंड उघडले तोच त्यांनी हात वर केला.

"थांबा. वादी आले. प्रतिवादी कुठायत?" आणि त्यांनी भिंतीवरून हाक दिली, "ओ साहेब, या की जरा इकडं. तुमच्यावर केस हाय."

गृहस्थ हसत आले. येताना खुर्ची घेऊन आले. खुर्ची माझ्या व्हरांड्यातली होती.

"करार नोंदवलेला हाय?" नाझरसाहेबांनी विचारले.

"आहे," मी म्हणालो.

"मुदत संपली?"

"दिवाळीलाच."

"मग?"

"ते जात नाहीत."

"हां!" नाझरसाहेब खुर्चीत सावरून बसले. निवृत्तीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर एवढे तेज मी पाहिले नव्हते. "मग खरं प्रकरण आत्ता सुरू झालं बघा. कलम २४. सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. करार लेखी असला की तोच पुरावा. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट दरानं भरपाई."

मी विजयी मुद्रेने प्रतिवादीकडे पाहिले. प्रतिवादी किंचित पांढरे पडले होते. पण नाझरसाहेबांना ते पाहवले नाही.

"घाबरू नका हो," ते त्यांच्याकडे वळून म्हणाले. "आधी समन्स लागू व्हायला पाहिजे. लागू झालं की ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र घालून बचावाची परवानगी मागायची. नाही मागितली तर मात्र गेला तुम्ही."

"तीस दिवस कधीपासून धरायचे, साहेब?"

"समन्स लागू झाल्यापासून. लिहून घ्या की."

प्रतिवादींनी खिसे चाचपले आणि माझ्याकडे पाहिले. मी त्यांना माझे पेन दिले.

"नाझरसाहेब, तुम्ही त्यांना सल्ला देताय," मी म्हणालो.

"तुम्ही मधी बोलू नका. तुमची बाजू ऐकून झालीय."

"समजा, निकाल काकांच्या बाजूनं लागला, तर?" प्रतिवादींनी अदबीने विचारले.

"तर कब्जा वॉरंट निघतं. मग आम्ही येतो." निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला असला, तरी वॉरंट म्हटले की ते अजून 'आम्ही'च असतात. "बेलिफ, दोन पंच, पोलीस बंदोबस्त, कुलूप तोडायला माणूस. पण सोपं नसतंय ते. एकदा एका पेठेत कब्जा घ्यायला गेलो, तर उंबऱ्यात म्हातारी आडवी. धाप लागलीय म्हणे. म्हातारीला ओलांडून कब्जा घेता येत नाही. पंचनामा केला, परत आलो. पुढच्या खेपेला गेलो, तर म्हातारी आत चहा करायलीय, पण ह्या वेळी म्हातारा आडवा!"

ते मनापासून हसले. प्रतिवादीही हसले. चहा आला होता. तो घेता घेता नाझरसाहेबांना एकदम काहीतरी सुचले.

"तुमच्याकडं हाय का कुणी म्हातारं माणूस?"

"नाही साहेब. एकटाच आहे मी," प्रतिवादी खिन्नपणे म्हणाले.

"मग अवघड हाय."

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग प्रतिवादी म्हणाले, "पण काकांच्या आई आहेत."

नाझरसाहेबांनी डोळे मिटून या मुद्द्याचा सर्व बाजूंनी विचार केला. मी कपबशी खाली ठेवली. "नाही," ते शेवटी म्हणाले, "वादीची आई प्रतिवादीला चालणार नाही."

या ठिकाणी वाचकांनी हसावे, मीही त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो. पण ती खोली मला आईसाठीच हवी होती. तिच्या गुडघ्यांनी जवाब दिलेला आहे आणि जिना उतरणे हा तिच्यासाठी दिवसाचा सर्वांत मोठा उद्योग असतो. सबंध वैशाख तिने वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन काढला, आणि खाली तिच्याच घराच्या गार खोलीत हे गृहस्थ कूलर लावून ज्येष्ठ नागरिकांचे अर्ज भरून देत होते. मी एकदा तसे बोललो, तर म्हणाले, "आजींना वर वारा चांगला लागतो." मुदत संपलेल्या नोंदणीकृत कागदाच्या बळावर स्वतःच्या घरातली एक खोली मागणाऱ्या माणसाकडे गल्ली सावकाराकडे पाहावे तसे का पाहते, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. भाडेकरू गरीब आणि मालक गब्बर हा जुना हिशेब आहे. निवृत्तिवेतनावर घरपट्टी भरणाऱ्या मालकाचे आणि पदव्यांची पाटी लावणाऱ्या भाडेकरूचे खाते त्यात उघडलेलेच नाही.

नळाची जोडणी तोडावी आणि विजेचा फ्यूज काढावा, हा विचार माझ्या मनात आला नाही असे म्हणणार नाही. तो बोलून दाखवताच नाझरसाहेबांनी कानावर हात ठेवले. अत्यावश्यक सेवा तोडणाऱ्या मालकासाठी त्याच कायद्यात कलम २९ आहे आणि तसे केल्यास आरोपी मी होईन, असे त्यांनी बजावले. आमच्या शहरात नळ तोडला आहे की नुसतीच पाण्याची पाळी नाही, हे चार दिवस तरी कुणाला कळले असते, असे मी विचारले. त्यावर त्यांनी मला गप्प बसण्याची ताकीद दिली आणि प्रकरण पुढील अमावस्येनंतर ठेवले. अमावस्येनंतर आषाढ होता.

प्रकरणाचा निकाल लागला तो भलत्याच दिशेने. एके सकाळी गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. होटगी रस्त्याला त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे ही माहिती मला त्या सकाळी प्रथम मिळाली. तो त्यांनी, मला देत त्याहून कितीतरी जास्त भाड्याने, एका कुटुंबाला दिला होता आणि मुदत संपून महिना होत आला तरी ते कुटुंब जागा सोडत नव्हते. "काय लोक असतात हो काका," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात असं बसून राहायला जीव कसा धजतो?" मी त्यांना पाणी दिले. त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली होती. तिच्यात कलम २४ आणि दुप्पट भरपाई या दोन्हींचा उल्लेख होता. नाझरसाहेबांसमोर माझ्याच पेनाने लिहून घेतलेल्या टिपणाचा त्यांना चांगला उपयोग झालेला दिसला. कुटुंब घाबरून निघाले. ताबा पावतीवर साक्षीदार हवे होते, म्हणून मी पहिली सही केली आणि नाझरसाहेबांनी दुसरी. आयुष्यात इतक्या आनंदाने मी दुसऱ्या कुणाच्या ताब्यावर सही केलेली नाही.

त्यानंतरही निघण्याच्या अटी होत्याच. टेम्पोचे भाडे मी दिले, कारण "तुम्हालाच घाई आहे, काका." अनामत रक्कम पूर्ण परत केली. तिच्यातून थकलेले वीजबिल कापून घेण्याचा विषय मी काढला, तेव्हा त्यांनी समोर बसलेल्या माझ्या आईकडे असे काही पाहिले की तिनेच "असू दे रे" म्हटले. फाटकावरची पाटी त्यांनी काढून नेली आणि पाटीबरोबर माझ्या भिंतीचा गिलावाही नेला. आई खाली राहायला आली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "वरच्यासारखा वारा नाही रे इथं."

परवा गृहस्थांचा संदेश आला. खोलीत राहिलेला गीझर, पडद्यांच्या दांड्या आणि न्हाणीघराचा नवा नळ यांचे मिळून त्यांचे माझ्याकडे काही येणे निघते. "सवडीने द्या, घाई नाही" असे त्यांनी सौजन्याने लिहिले होते. मी उलट टपाली कळवले की गणपती तोंडावर आले आहेत, नंतर पितृपक्ष आहे आणि त्या पंधरवड्यात देणीघेणी करत नाहीत. पुढे घट बसले की आमच्याकडे घरातली लक्ष्मी बाहेर काढत नाहीत. त्यांनी नाझरसाहेबांकडे दाद मागितली आहे. नाझरसाहेबांनी दोन्ही पक्षांना बोलावले, चहा पाजला, आणि दसऱ्यानंतरची तारीख दिली आहे.