पौलाचं उलटं कलम

बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात प्रेषित पौलाने दाखल्यात जे कलम बांधलंय, ते कोकणातल्या कुठल्याही नर्सरीवाल्याला वाचून दाखवा. तो म्हणेल, उलटं झालं हे.

आपलं कोयकलम आठवा. पावसाच्या तोंडावर रायवळची कोय रुजते. रोप 15 दिवसांचं, पानं अजून तांबूस, तोवर ते 7 ते 9 सेंटिमीटरवर छाटायचं आणि मधोमध 4 सेंटिमीटरची उभी चीर द्यायची. हापूसची काडी 3-4 महिन्यांची, 10 ते 15 सेंटिमीटर लांब, जाडी खुंटाएवढीच, म्हणजे खालच्या रोपाएवढीच. तिची पानं 8-10 दिवस आधी देठ ठेवून कापलेली, म्हणजे डोळे फुगतात. टोक पाचरीसारखं तासून चिरेत बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायचं. पट्टी सैल राहिली की जोडात पाणी शिरतं, बुरशी येते, काडी काळी पडते. जोड धरला तरी सुटका नाही. खुंटाला खालून फुटवे येतात, ते खुडले नाहीत तर रायवळ माजते आणि हापूस मरतो.

म्हणजे मुळं गावठी, मान काडीचा. बाजारात खुंटाचं नाव कोण विचारतो?

पौलाच्या बागेत खुंट चांगल्या जैतुनाचा (ऑलिव्हचा) आहे, म्हणजे इस्राएलचा, आणि काडी रानटी, म्हणजे विश्वासात आलेले यहुदी नसलेले लोक. पौल शहरात वाढलेला, त्याला झाडांतलं काय कळणार, असं काही टीकाकार म्हणतात. मला हे पटत नाही. हे निसर्गाविरुद्ध आहे असं 24व्या वचनात तो स्वतःच म्हणतो. चूक करणारा माणूस आपली चूक अशी अधोरेखित करत नाही.

आपले बरेचसे उपदेश मात्र आपल्या सवयीचंच कलम बांधतात: इस्राएल रायवळ, आपण हापूस. जुना करार संपला, आता आम्हीच खरे इस्राएल. ‘जुना’ या शब्दानेही घोळ केलाय, मुदत संपलेल्या भाडेकरारासारखा तो कानावर पडतो. पण उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात देव अब्राहामाशी करार करतो कसा ते पाहा. कालवड, शेळी, एडका, तिन्ही 3 वर्षांचे, मधोमध चिरून समोरासमोर ठेवलेले. पक्षी चिरलेले नाहीत. अशा तुकड्यांमधून चालणारा म्हणतो, शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो (यिर्मया 34 वाचा). त्या रात्री अब्राहाम, तेव्हाचा अब्राम, गाढ झोपेत होता. तुकड्यांमधून गेली ती धुमसती शेगडी आणि जळती मशाल, म्हणजे देव एकटाच. एकाच बाजूने चालून घातलेली शपथ दुसऱ्या बाजूच्या चुकीने कशी रद्द होईल?

आणि कोकणात राहून हे विसरावं? रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, आपले मराठी बोलणारे यहुदी, आठवा. त्यांच्या परंपरेप्रमाणे नवगावाजवळ गलबत फुटलं, 7 पुरुष आणि 7 स्त्रिया वाचल्या, पोथ्या बुडाल्या. ना मंदिर, ना याजक, ना ग्रंथ. उरलं काय? आठव्या दिवशी सुंता, ‘शेमा’ ही देव एकच असल्याची प्रार्थना, आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथाला, तेलाचा घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. (जैतुनाचा दाखला आणि तेल्यांचा समाज, हा योग मला फार आवडतो.) अलिबागजवळच्या खंडाळ्यात, घाटातल्या नव्हे, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, ठिकाण ते आजही मानतात. त्यांच्या मलिद्यात, म्हणजे नवसाच्या नैवेद्यात, पोहे आणि ओलं खोबरं, म्हणजे अगदी आपलं.

कराराच्या कोशाचे, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीचे, दांडे कड्यांतून कधीच काढायचे नाहीत, अशी आज्ञा आहे (निर्गम 25:15). लोक जातील तिकडे निघायला कोश कायम तयार. त्यामुळे देवाचं सान्निध्य नवगावच्या वाळूपर्यंत पोचलं असेल, यात मला नवल वाटत नाही.

पौलाच्या झाडात रस मुळातून वर चढतो, आणि ते मूळ म्हणजे पूर्वजांना दिलेलं वचन. काडी रानटीच, पण त्या रसावर जगते. मूळ तुला उचलून धरतं, तू मुळाला नाही, हे 18व्या वचनात आहे. तुटलेल्या फांद्या, म्हणजे विश्वास न ठेवलेले इस्राएली, पुन्हा जोडता येतात, तेही त्यांच्याच झाडाला, हे 23 आणि 24मध्ये. पुढच्या वेळी या अध्यायावर उपदेश कराल तेव्हा रानटी काडी जोडली गेली हे सांगणाऱ्या 17व्या वचनावर थांबू नका. 21वं मोठ्याने वाचा. तिथे कापली जाण्याची ताकीद मूळच्या फांद्यांना नाही, कलमाच्या काडीला आहे.