दोन एस जास्त

पंच म्हणजे एक पोरगा होता, नुकतं मिसरूड फुटलेला. सामन्याआधी दोन्ही संघांच्या बॅटी जाळीला टेकवून ओळीने उभ्या करतात आणि पंच त्या तपासतो. हा एकेक उचलत होता, फिरवत होता, ठेवत होता. माझ्या बॅटपाशी आला. उचलली. हँडलच्या वरची जागा अंगठ्याने पुसली, उन्हाकडे धरली, पुन्हा पुसली. मग पंगतीतून एखाद्याला उठवावं तशी तिला ओळीतून काढून लांब गवतात आडवी ठेवली.

"ही नाही चालणार, सर."

त्या 'सर'चा मला अजून राग आहे. नुसतं 'चालणार नाही' म्हटला असता तर मी भांडलो असतो. 'सर' म्हटल्यावर माणूस एकदम म्हातारा होतो.

"शिक्का आहे की तिच्यावर," मी म्हटलं.

"हा यूएसएसएसएचा आहे. आपली लीग यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांनी खेळते."

आता बघा. या अमेरिकेतल्या सॉफ्टबॉलच्या दोन वेगळ्या संघटना, आणि 'ही बॅट चालेल' असं सांगणारा शिक्का प्रत्येकीचा निराळा. दोन नावांत फरक दोन एसचा. बॅट घेताना मी तो शिक्का पाहिला होता, नाही असं नाही. मला प्रामाणिकपणे वाटलं होतं की छापणाऱ्याचा हात जरा अडखळलाय.

तीनशे एकोणतीस डॉलर गवतात आडवे पडले होते आणि मी संघाच्या सार्वजनिक ॲल्युमिनियमच्या बॅटने खेळायला गेलो. तिला मध्यावर असा पोचा आहे की पावसात त्यात पाणी साठतं. दोन चेंडू हुकले, म्हणजे दोन स्ट्राइक, तिसरा चेंडू बॅटला लागून कॅचरच्या मागे जाळीवर आदळला. स्लो-पिचमध्ये, म्हणजे आम्ही खेळतो त्या संथ फेकीच्या सॉफ्टबॉलमध्ये, दोन स्ट्राइकनंतर फाउल मारला, चेंडू रेषेबाहेर गेला, की आउट. चेंडू लागूनही आउट होण्याची सोय क्रिकेटनेसुद्धा इतक्या उघडपणे केलेली नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चेंडू नावालाच सॉफ्ट, घेर बारा इंच. पन्नास फुटांवरून पिचर तो खालून, निदान सहा फूट उंच कमान होईल असा अलगद सोडतो. लहान मुलाला घास भरवावा तसा. तो घास न खाता येणं ही अमेरिकेतल्या ऑफिसच्या संघात जातीबाहेर होण्यासारखी गोष्ट आहे. मागच्या मोसमात मी बरेच घास सांडले. नाचता येईना की अंगण वाकडं, असं म्हणतात. पण एखादं अंगण खरोखर वाकडं असू शकतं यावर माझा विश्वास आहे. म्हणून स्वतःची कंपोझिट, म्हणजे कार्बनच्या तंतूंची, बॅट घ्यायचं ठरवलं, आणि काकांना फोन केला. तिथे चुकलं.

काका माझे कुणी लागत नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. सहासष्ट वय, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, ज्येष्ठांच्या लीगमध्ये पहिला बेस सांभाळतात. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही कारण तिथे बॅटी राहतात. राहतात असंच म्हणायला हवं. प्रत्येकीला जुना पायमोजा घातलेला. कंपोझिट बॅट थंडीत तडकते, साठ फॅरनहाइटच्या खाली ती काढायची नाही, म्हणून हिवाळ्यात बॅटींचा मुक्काम घरात, पाहुण्यांच्या खोलीत.

"माझ्या बहिणीला सोफ्यावर झोपवलं होतं," काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

"बहीण तडकत नाही," काका म्हणाले. "बस रे. डोळे मीट."

मी डोळे मिटले. हातात एक बॅट आली. मी झुलवून पाहिली. ती गेली, दुसरी आली.

"कुठली जड?"

"दुसरी."

"किती जड?"

"थोडी… दोन औंस?"

"उघड डोळे." काकांच्या हातात एकच बॅट होती. दोन्ही वेळा तीच दिली होती. "म्हणजे तुला कळत काहीच नाही. छान. अडाणी माणसाला शिकवणं सोपं जातं."

मग शिकवणी सुरू झाली. लांबी चौतीस इंच, त्यात वाद नाही, सगळे तीच घेतात. जाडी सव्वादोन इंच, त्याहून जास्त कुणी करू देत नाही. खरा प्रश्न वजनाचा. पंचवीस ते तीस औंस ही सगळी रांग बाजारात मिळते. एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, जेमतेम दोन मोठे चमचे साखर, पण काका सव्वीस आणि सत्तावीसमधला फरक असा सांगत होते की जणू स्थळं बघायला आलोय. सव्वीस चपळ आहे पण तिच्यात दम नाही. अठ्ठावीस दमदार आहे, तुला झेपायची नाही. मग बॅरल, म्हणजे जाड भाग, बारा इंचांचा की चौदा? लांब बॅरल क्षमाशील असतो, चुकून कुठेही लागला तरी चेंडू जातो. "तुला चौदाच." मग एकसंध की दोन तुकड्यांची? दोन तुकड्यांची असली की हाताला झिणझिण्या कमी. "तुझे हात कीबोर्डवाले. दोन तुकड्यांचीच."

"आणि एंड-लोड?" मी विचारलं. शब्द आदल्या रात्री वाचून आलो होतो.

काका थांबले. चहाचा कप खाली ठेवला. "एंड-लोड म्हणजे टोकाकडे अर्धा-एक औंस जास्तीचा. बॅलन्स्ड म्हणजे वजन सगळीकडे सारखं. सोपं करून सांगतो. एंड-लोड म्हणजे मुसळ. बॅलन्स्ड म्हणजे लाटणं."

"लाटणं कधी हातात घेतलंय का चाळीस वर्षांत?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ती तज्ज्ञ आहे," काका मला हळूच म्हणाले. "आणि ती बॅलन्स्ड वापरते. तूही तीच घे."

त्यानंतर त्यांनी आपली लाडकी बॅट मोज्यातून काढली. बोटाच्या पेराने तिला टकटक केलं आणि कान लावला, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. बॅरलवर बारीक बारीक रेषांचं जाळं पसरलं होतं. मला वाटलं मोडली. "जळमटं म्हणतात याला. मोडली नाही, पिकलीय. कंपोझिट म्हणजे काय, कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बुडवून थरावर थर. चेंडू लागला की भिंत आत दबते आणि परत ढकलते. नवी असते तेव्हा आखडू असते. मारत राहिलास की सैल होते, सैल होता होता सुंदर होते. सर्वांत सुंदर चालते ती मरायच्या जरा आधी." डोळे भरून आल्यासारखे दिसले. "माणसाचंही असंच असतं," असं काहीतरी ते म्हणणार हे मला दिसत होतं, म्हणून मी घाईने विचारलं, "आणि शिक्का?"

"शिक्का बघायचा तो नोटेवर," काका म्हणाले.

याचं कारण मला नंतर कळलं. पन्नाशीपुढच्यांच्या लीगमध्ये १.२१ पर्यंतची बॅट चालते. म्हणजे पक्क्या भिंतीवरून चेंडू जितक्या वेगाने परत येतो, त्याच्या १.२१ पट वेगाने ती फेकते. यूएसएसएसएच्या शिक्क्यावर वर्षानुवर्षं १.२० लिहिलेलं असायचं. काकांकडे सगळंच खपतं, त्यामुळे शिक्का नावाची भानगड त्यांच्या गावीही नव्हती. पन्नाशीनंतर डॉक्टर मीठ काढून घेतात, साखर काढून घेतात, आणि बॅट मात्र जास्त उसळणारी देतात. मला अजून सात वर्षं आहेत.

असो. बॅट आली. सत्तावीस औंस, चौदा इंची बॅरल, लाटणं. आता ती पिकवायची. बॅटीबरोबर आलेल्या कागदावर दीडशे-दोनशे फटके लिहिले होते. काका म्हणाले पाचशे. आधी निम्म्या जोराने, मग वाढवत. दर फटक्याला बॅट हातात किंचित फिरवायची, नाहीतर एकच बाजू सैल होते. सरावाच्या पिंजऱ्यातले खळगेवाले पिवळे चेंडू वापरायचे नाहीत, ते बॅट फोडतात. खरे चेंडू आणायचे. (क्रिकेटची बॅट जवसाचं तेल पाजून लाकडी हातोड्याने ठोकतात, ती वेदना मला ठाऊक होती. पण ती ठोकताना निदान टीव्ही बघता येतो.)

तीन आठवडे मी ऑफिसमधून येऊन गॅरेजमध्ये स्टँडवर चेंडू ठेवत होतो आणि जाळीत मारत होतो. मुलगी खोक्याच्या पुठ्ठ्यावर खडूने रेघा ओढायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. तिला पगार ठरला होता, शंभर फटक्यांना एक आइसक्रीम. साधारण दोनशेनंतर तिने फटके जरा उदार हाताने मोजले असावेत असा मला संशय आहे. शेजारी दोनदा डोकावून गेले. सुरुवातीला आवाज यायचा 'थड', ओल्या गोणीवर काठी मारावी तसा. चारशे बाराव्या फटक्याला तो बदलला. 'पॉक.' मनगटाला काही जाणवलंच नाही आणि जाळी खांबासकट मागे सरकली. मुलगी खडू टाकून म्हणाली, "बाबा, हे तू केलंस?" त्या प्रश्नातलं आश्चर्य मी मनावर घेतलं नाही. काकांना फोन केला. "पिकली," ते म्हणाले, आणि फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी तो सामना आणि तो पंच.

आता यात पोराची चूक नाही, हे मला कळतं. कळल्यामुळे राग कमी होत नाही. यूएसए सॉफ्टबॉल (२०१७ पर्यंत हिचं नाव वेगळं होतं, म्हणजे जुन्या बॅटींवर आणखी एक निराळा शिक्का) हिशेब असा करते की बॅटवरून सुटलेला चेंडू ताशी ९८ मैलांच्या आत राहिला पाहिजे. ही मर्यादा २००४ ची. यूएसएसएसए मोजते वेगळ्या रीतीने. चेंडूंवरही उसळीचे आणि कडकपणाचे आकडे असतात, ५२/३०० वगैरे, आणि कुठल्या बॅटला कुठला चेंडू हेही ठरलेलं. मागे कारण रास्त आहे. पन्नास फुटांवर उभ्या असलेल्या पिचरकडे ताशी ९८ मैलांचा चेंडू सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात पोहोचतो, आणि लोक बॅटीचा आतला थर खरवडून तिला आणखी पातळ करतात असले उद्योगही चालतात. सगळं मान्य. पण माझे फटके ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा, आमच्या लीगमधल्या एकाही पिचरच्या जिवाला माझ्यापासून कधी धोका होता का? आणि एकाच कंपनीची, एकाच रंगाची, एकाच वजनाची बॅट दोन शिक्क्यांत शेजारी शेजारी टांगलेली असते, तेव्हा तो फरक मुंगीच्या अक्षरात का छापतात? किंमत बरी दुरून वाचता येते.

१८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबमध्ये काही मंडळी फुटबॉलच्या निकालाची वाट बघत बसली होती. एकाने बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, जॉर्ज हॅनकॉक नावाच्या माणसाने मोजा करकचून बांधून त्याचा चेंडू केला, खडूने जमिनीवर चौकोन आखला, आणि हा खेळ जन्माला आला. त्या काठीवर किती एस होते, हे कुणी तपासलं नाही.

दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने बॅट हातात घेतली, बॅरलवरचे चेंडूंचे डाग पाहिले आणि म्हणाली, वापरलेली परत घेत नाही. चारशे बारा वेळा वापरलेली, हे मी सांगितलं नाही. वॉरंटी आहे, एक वर्ष. पण ती फक्त तडकल्यावर. म्हणजे पैसे सुटायचे असतील तर बॅट मोडली पाहिजे, आणि मोडायची असेल तर कुठेतरी खेळली पाहिजे, आणि खेळायला मला पन्नास वर्षांचं व्हायला हवं.

"तुला चालत नाही ना," काका म्हणाले, "मग माझ्याकडे ठेव. माझी ती परवा गेली. टोकापासून उभी चिरली बिचारी." आणि पायमोजा बरोबर आणला होता.

यावर मराठीत एक म्हण आहे. आंधळं दळतं इथपर्यंत लिहितो, पुढचं लिहीत नाही, काका मराठी वाचतात.

रविवारी रात्री त्यांचा फोन आला. पहिल्याच सामन्यात दोन होम रन. सहासष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. "काय सुटलीय रे तुझी बॅट! लोण्यासारखी! आवाज ऐकायला हवा होतास." मी म्हटलं, काका, तो आवाज मी ऐकलाय. एकदा.

"बरं, महत्त्वाचं राहिलंच," ते म्हणाले. "तिच्यावर एक बारीक जळमट दिसतंय हँडलच्या वर. काळजीचं नाही, पण आपलं असावं म्हणून. बिल कुठे ठेवलंयस?"