पर्वत ढळले तरी
प्रार्थनेने संकट टळतेच असे नाही, पण त्यात देवाचा आधार मिळतो, हे मला अनुभवाने पटते. वडील अतिदक्षता विभागात असताना दाराबाहेरच्या बाकावर, त्यांचा चष्मा हातात धरून, मी रात्रभर ‘त्यांना बरे कर’ एवढेच मागत होतो. पहाटे मात्र शब्द संपले, ‘ते तुझ्या हाती आहेत’ इतकेच ओठांवर उरले आणि कित्येक दिवसांचे छातीवरचे दडपण उतरले. वडील चौथ्या दिवशी गेले, तरी तो आधार मला आजही जाणवतो. बायबलमधील 46 व्या स्तोत्रातही पर्वत समुद्रात कोसळणार नाहीत असे आश्वासन नाही. ते कोसळले तरी आम्ही भिणार नाही, असे म्हटले आहे, आणि विश्वासाचा कस, माझ्या मते, तिथेच लागतो. तो चष्मा शेजारी ठेवूनच मी रोज सकाळी प्रार्थनेला बसतो.